फुलं पोचली का गं?

एक प्रश्न विचारू? परदेशातल्या आपल्या माणसाला तुम्ही फुलं कधी पाठवली होतीत? व्हॉट्सॲपवरचा गुलाबाचा फोटो नाही हं, तो मोजायचा नाही! खरी, ताजी, पाण्यात ठेवावी लागणारी फुलं.

तुमचा मित्र न्यू जर्सीत असेल तर फारसं टेन्शन नाही. पण आपलं माणूस स्टार्कव्हिलला असेल तर? 'हे कुठं आलं बुवा?' असं तुम्ही विचारणार, हे माहीत आहे. माझी ताई तिथं राहायला गेली तेव्हा आमच्या अख्ख्या सोसायटीनं हेच विचारलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे, त्यातलं हे पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटी आहे म्हणून आपल्याकडची मुलं तिथं शिकायला जातात. बाकी चर्च, फुटबॉलचं वेड आणि दर वाक्याला 'मॅम' म्हणणारी माणसं. बर्मिंगहॅमसारखं मोठं शहर गाठायचं तर गाडीनं दोन-अडीच तास.

अशा गावात फुलं पोचवण्याचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला. तोही नेमका जेव्हा फसायला नको होता तेव्हा.

अर्धवट राहिलेलं वाक्य

2023 च्या फेब्रुवारीत आमचे बाबा गेले. ताईला तेव्हा आठवा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला स्पष्ट नाही म्हटलं. इथं घर माणसांनी भरलेलं आणि तिथं ती व्हिडिओ कॉलवर एका कोपऱ्यात, मोबाइलच्या चौकटीत. शेजारच्या आजी तिच्याकडे मॅकरोनी-चीजचा मोठा ट्रे घेऊन आल्या. दक्षिणेत कुणी गेलं की शेजारीपाजारी असंच शिजवलेलं अन्न घेऊन येतात. आपल्याकडे पिठलं-भात येतो ना, अगदी तस्संच.

मला वाटलं, आपण निदान फुलं तरी पाठवू. रात्री दोन वाजता एक चकाचक वेबसाइट सापडली. नाव जाऊ दे. गावाचं नाव टाकल्यावर 'स्टार्कव्हिलमध्ये आजच पोच' असं झळकलं. पांढऱ्या फुलांचा सुंदर गुच्छ निवडला, कार्डावरचा मजकूर टाइप केला, पैसे भरले आणि झोपले.

फुलं चौथ्या दिवशी आली. खोक्यात, कुरिअरनं, दाराबाहेर ठेवलेली. अर्ध्या कळ्या उमललेल्याच नव्हत्या, उरलेल्या माना टाकून बसलेल्या. पण खरा घोळ कार्डावर होता. मी रोमन लिपीत लिहिलं होतं, 'ताई, बाबा शेवटपर्यंत तुझ्याच बाळासाठी नावं शोधत होते.' अक्षरांची मर्यादा संपली म्हणून छापून आलं ते एवढंच, 'ताई, बाबा शेवटपर्यंत तुझ्याच'.

ताईनं फोनवर विचारलं, 'तुझ्याच काय गं?'

मला बोलताच येईना. 'नंतर सांगते' म्हटलं आणि ते राहूनच गेलं. पुढं बाळ आलं, जागरणं आली, माझं ऑफिस सुरू झालं. ते वाक्य मात्र मधेच लटकून राहिलं.

'आजच पोच'चा फंडा

नंतर शांतपणे शोध घेतला, तेव्हा हा सगळा धंदा कळला. एका गावात पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावात फुलं द्यायची, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. 1910 मध्ये अमेरिकेतल्या काही फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेनं ऑर्डरी पाठवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिली ती एफटीडी ही संस्था. तार इकडून जायची आणि गुच्छ तिकडचा दुकानदार बांधायचा. फूल स्वतः प्रवास करत नसे, प्रवास करायची ती फक्त ऑर्डर. सहीच कल्पना!

या पद्धतीत ऑर्डर घेणारा आपला वाटा ठेवतो, जाळं चालवणारी संस्था आपला ठेवते आणि उरलेल्या पैशांत गुच्छ बांधला जातो. इथवर ठीक आहे. पण पुढं नुसत्या ऑर्डरी गोळा करणाऱ्या साइट्स आल्या. त्यांचं ना दुकान, ना फूल. गावाचं नाव लावून त्या 'लोकल' असल्याचा आव आणतात, वर सेवाशुल्क घेतात आणि उरलेली रक्कम गावातल्या एखाद्या दुकानाकडे सरकवतात. दुकानदार तेवढ्या पैशांत बसेल तेवढंच देणार. त्याचं काय चुकलं? आणि दुकानच मिळालं नाही, तर कुठल्या तरी गोदामातून खोकं रवाना.

आता फुलांचा स्वतःचा प्रवास बघा. अमेरिकेत विकली जाणारी बहुतांश फुलं बाहेरून येतात, मुख्यतः कोलंबिया आणि इक्वेडोरमधून. आयात होणाऱ्या फुलांपैकी जवळपास 90 टक्के मायामीच्या विमानतळावर उतरतात. तिथून थंडगार ट्रकमधून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग छोट्या गावातल्या दुकानात. आपल्या तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधले गुलाब व्हॅलेंटाइन डेला विमानानं युरोप गाठतात ना, तोच प्रकार. म्हणजे लहान गावात हवं ते फूल हव्या त्या दिवशी असेलच असं नाही. ट्रक यायचा असतो. हे कुठलीही वेबसाइट तुम्हाला सांगत नाही, दुकानातलं माणूस सांगतं.

फोन उचलला तो दुकानातल्या बाईंनीच

6 जूनला बाबांचा वाढदिवस असतो. त्यांच्यानंतरचा पहिलाच. या वेळी मी वेबसाइटच्या नादी लागले नाही. नकाशावर स्टार्कव्हिलमधली दुकानं शोधली. ज्याच्या बाहेरच्या पाटीचा फोटो दिसत होता, पत्ता खरा वाटत होता आणि परीक्षणांत गावातल्या लग्नांचे, चर्चचे उल्लेख होते, असं एक निवडलं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. तीन दिवस आधी, हिंजवडीहून कॅबनं घरी येताना रात्री आठला आयएसडी लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ.

पलीकडून एक बाई बोलत होत्या. आवाज संथ, प्रत्येक शब्द गुळाच्या पाकासारखा लांबवलेला. मी पुण्याहून, भारतातून बोलतेय म्हटल्यावर त्यांनी आधी 'अरे देवा, तिकडे आता किती वाजले?' असं विचारलं. मग विचारलं, 'फुलं कशासाठी हवीत?' मी सांगितलं. सगळंच सांगितलं, अर्धवट कार्डासकट. कॅबचा ड्रायव्हर आरशातून बघत होता, पण म्हटलं, बघू दे.

'तुमच्या बाबांना कुठलं फूल आवडायचं?'

आता आली पंचाईत! बाबांना अनंत आवडायचं. अंगणातलं एक फूल रोज देवाला आणि एक शर्टाच्या खिशात. पण अनंताला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला कुठं माहीत? मी वर्णन करत सुटले. पांढरं, पाकळ्या मऊ, पानं गडद चकचकीत, वास घरभर, दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं...

'गार्डेनिया!' बाई हसल्या. 'हनी, ते दुकानात नाही ठेवत मी. हात लागला की तपकिरी पडतं. पण माझ्या घरामागं झुडूप आहे.'

नंतर वाचलं तेव्हा कळलं की अनंत मूळचं चीन-जपानकडचं. पण गार्डेनिया हे नाव आलं ते 18 व्या शतकात, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये राहणाऱ्या डॉ. अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून. तेव्हापासून दक्षिणेतल्या अंगणांत हे फूल अगदी घरचं झालं आहे. तिथं ते गुच्छात खोचत नाहीत, काचेच्या वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवतात.

कार्डाचा मजकूर मी एकेक अक्षर करून सांगितला. बाईंनी लिहून घेतला, परत वाचून दाखवला आणि 'बाबा'चा उच्चार दोनदा विचारून नीट केला. का, तर फुलं त्या स्वतः नेऊन देणार होत्या आणि चुकीचं म्हणायला नको!

छोट्या गावात फुलं पाठवताना

• साइटवर खरा पत्ता आणि दुकानाचा स्वतःचा फोन नंबर आहे का, ते आधी बघा. शंका आली तर सरळ विचारा, 'गुच्छ तुमच्याच दुकानात बांधणार का?'

• दोन-तीन दिवस आधी फोन करा. बरीच दुकानं शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी बंद असतात. त्याच दिवशी हवं असेल तर तिकडची सकाळ गाठा.

• एखाद्या फोटोवर अडून बसू नका. बजेट सांगा, रंग सांगा आणि 'आज तुमच्याकडे ताजं काय आहे, त्यातलं द्या' म्हणा. त्याच पैशांत गुच्छ हमखास बरा मिळतो.

• कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. नाही तर ऐन वेळी पोपट!

• पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर आणि घेणाऱ्याचा फोन नंबर हवाच. माणूस दिवसभर बाहेर असेल तर ऑफिसचा पत्ता द्या. मिसिसिपीच्या जूनमध्ये दाराबाहेर फूल तासभरही टिकत नाही.

• मे महिन्यातला दुसरा रविवार म्हणजे तिकडचा मदर्स डे. त्या आठवड्यात सगळी दुकानं ओसंडून वाहतात. दक्षिणेतल्या चर्चमध्ये आई हयात असेल तर लाल आणि नसेल तर पांढरं फूल लावण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी रंग निवडताना जरा जपून.

आणि मग...

6 जूनला आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले असतील. ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती काही बोलेचना. तिनं नुसता कॅमेरा फिरवला. टेबलावर पांढऱ्या, हिरव्या फुलांचा बेताचा गुच्छ, शेजारी एक वाडगा आणि त्यात पाण्यावर तरंगणारी अनंताची दोन फुलं. मांडीवर तीन महिन्यांची भाची, फुलाकडे टकामका बघत.

'बाई स्वतः आल्या होत्या,' ताई म्हणाली. 'दारात उभं राहून म्हणाल्या, हे तुमच्या बाबांच्या वाढदिवसाचं.'

मग तिनं कार्ड वाचलं. पूर्ण वाक्य. निळ्या शाईत, गोल गोल अक्षरांत हातानं लिहिलेलं. वाचून झाल्यावर बराच वेळ शांतता.

'कुठली नावं गं?'

मी उठून बाबांची डायरी आणली. शेवटच्या पानांवर अकरा नावं होती, काही खोडलेली, दोनांखाली रेघ मारलेली. एकेक करून मी वाचत गेले. ऐकता ऐकता ताई हसली, रडली, एका नावाला 'ईऽऽ, हे काय!' म्हणाली. त्या रात्री आम्ही दोघी दीड तास बोललो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच बाबांबद्दल.

अनंत दुसऱ्या दिवशी पिवळं पडलं. पडणारच होतं. कार्ड अजून फ्रिजवर आहे.

तेव्हा मंडळी, तुमचंही कुणी अशा कुठल्या आडगावात असेल, तर आज ऑफिसातून निघताना एक हिशेब करा. तिकडे आत्ता किती वाजले असतील? दुकान उघडलं असेल, तर लावा फोन!