कुरणापासून कारवीपर्यंत

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हापासूनच त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीच्या दारापर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरांमागे असायची. मग बाईही त्यांच्यामागून रानात जाऊ लागल्या आणि कुरणशाळा उभी राहिली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच तिथलं साहित्य.

त्याच दशकात डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ लहान मुलांना घेऊन जंगलात फिरत होत्या. तिथूनच जंगल-बालवाड्यांची चळवळ वाढली आणि पुढे जर्मनीत पसरली. आज आपल्याकडचे पालक त्या युरोपीय बालवाड्यांची माहिती हौसेनं वाचतात. कोसबाडचं नाव मात्र त्यांच्या कानावरही आलेलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कोसबाडला रान मुलांच्या ओळखीचं होतं आणि नवखी होती ती शिक्षिका. कोणता कंद कधी खणायचा हे मुलंच तिला सांगू शकत होती. तिनं त्यांच्या त्या माहितीला अंक आणि अक्षरं जोडून दिली.

शहरांतली गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पुढे गोरेगावला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, निसर्गशिक्षण केंद्र उभारलं. शाळांच्या सहली, पक्षिनिरीक्षण, फुलपाखरांच्या फेऱ्या यांची शहराला सवय लागली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. त्यामुळे पुस्तकात धडे वाढले, पण वर्ग बाहेर पडण्याचं प्रमाण त्या मानानं फारसं वाढलं नाही. शिवाय या साऱ्या काळात लक्ष होतं ते मोठ्या मुलांवर. चार-पाच वर्षांच्या मुलाला जंगलात नेऊन काय कळणार, असंच घरोघरी म्हटलं जायचं.

गेल्या काही वर्षांत हे बदललं. संजय गांधी उद्यानात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ असे तीन बहर डोळ्यांसमोर आणले की हा फरक चटकन जाणवतो. आता आईबाबांचं बोट धरून आलेली बालवाडीतली मुलंही कारवी बघायला येतात. छोट्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांच्या जागा भरतातही.

यातल्या चांगल्या फेऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांत वाटाड्या फार बोलत नाही. तो सागाचं कोवळं पान मुलांच्या तळहातावर चोळायला देतो. हात लाल होतात आणि मग पुढचा अर्धा तास कुणी जागचं हलत नाही. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या, पहिल्या पावसानंतरचा मखमली मृगाचा किडा, हात लावताच मिटणारी लाजाळू, एवढ्यानं सकाळ पुरते. खाजकुयलीच्या शेंगेला हात लावायचा नाही, हेही तिथेच कळतं, आणि ते भीती न घालता सांगता येतं. वाईट फेरीत मात्र चाळीस मुलांची रांग असते, नावांची यादी असते आणि शेवटी प्रमाणपत्र. पाच वर्षांच्या मुलाला पक्ष्याचं नाव नंतर कळलं तरी चालतं. आधी त्याला थांबायला वेळ हवा.

मला सर्वांत जास्त खटकतं ते फेरीचं वर्षातून एकदाच होणं. कुरणशाळेची ताकद रोज त्याच माळावर जाण्यात होती. तोच पळस पानांनी भरलेला, मग निष्पर्ण, मग फुलांनी लाल झालेला पाहिला तर लहान मुलाला ऋतू समजतो. एका रविवारच्या सहलीत तो समजणं कठीण आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी. बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंना, आणि त्यांना परवानगी देणाऱ्या साहेबांना, माझी विनंती आहे: त्या दहा दिवसांची वाट पाहू नका. जवळची टेकडी, ओढ्याचा काठ किंवा गावाबाहेरची देवराई निवडा, आणि आठवड्यातली एक सकाळ वर्षभर तिथेच घालवा.