खाडाखोडीचे मोल

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने लेखनाच्या ‘ऑनर्स’ वर्गाचे, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या वर्गाचे, नियमपत्रक मला पाठवले. दांड्या वाढल्या की गुण कमी, लेख उशिरा दिला की श्रेणी खाली. एवढे आपल्याकडेही चालते. मी थबकले ती पुढच्या अटीशी. नुसता पक्का लेख चालणार नाही. कच्चे खर्डेही जोडायचे! वर्गमित्रांनी ते वाचून शेरे द्यायचे, मग लेख पुन्हा लिहायचा. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचे नाव द्यायचे. नाही तर ती चोरी.

हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला लेखन सक्तीचे केले आणि ही प्रथा तिकडे पसरत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तसे यंत्राकडून लिहून घेण्याविषयीचे कलमही अशा पत्रकांत शिरले. यंत्र पक्का लेख क्षणात देईल. पण खर्ड्यातली धडपड कुठून आणणार?

आपण मात्र गाईडमधले निबंध पाठ करून वाढलो. स्वच्छ, एकटाकी वही हीच हुशारीची खूण! मुलांच्या वहीतली खोडलेली ओळ दिसली, तर रागावण्याआधी ती जरा वाचून पाहू या. मूल तिथे स्वतःचे काही शोधत असते.