निळे विवर, श्वासाची नळी आणि प्रवाळ

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर सुट्टी घालवायला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी लहान विमानातून समुद्रावर एक फेरी, दुपारी डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी धरून उथळ पाण्यात तरंगत मासे पाहणे, आणि उरलेला वेळ नारळीच्या सावलीत लोळणे. पाण्यावर तरंगत नळीतून श्वास घेण्याच्या या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते चालते, त्यामुळे हा शब्द आता कोकणात नवा राहिलेला नाही.

या सुट्टीतले लोळणे सोडले, तर बाकीच्या दोन गोष्टींत आठवी ते बारावीचे बरेचसे भौतिकशास्त्र, थोडे भूगर्भशास्त्र आणि पुष्कळसे जीवशास्त्र भरलेले आहे. त्यासाठी आपण एकच ठिकाण घेऊ : मध्य अमेरिकेतील बेलीझ. १९८१ साली स्वतंत्र होण्यापूर्वी हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि त्याचे जुने नाव ब्रिटिश होंडुरास. त्याच्या किनाऱ्याला समांतर अशी सुमारे ३०० किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती आहे. तिच्या आत-बाहेर शेकडो लहान सखल बेटे विखुरलेली आहेत. त्यांना तिथे ‘की’ म्हणतात. अँबरग्रिस की आणि की कॉकर ही त्यांपैकी पर्यटकांची आवडती. (की कॉकरचे ब्रीदवाक्यच ‘सावकाश चला’ असे आहे!) चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभित्तींवर जे पुस्तक लिहिले, त्यात वेस्ट इंडीजमधील सर्वांत विलक्षण भित्ती म्हणून त्याने हिचाच उल्लेख केला होता.

होडीतून न दिसणारे वर्तुळ

भित्तीच्याही पलीकडे, बेलीझ शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर लाइटहाउस रीफ नावाचे कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. त्याच्या मधोमध गडद निळ्या रंगाचे जवळजवळ अचूक वर्तुळ आहे. व्यास सुमारे ३०० मीटर, खोली सुमारे १२५ मीटर. हेच ते प्रसिद्ध ‘ग्रेट ब्लू होल’, म्हणजे निळे विवर. गंमत अशी, की होडीतून अगदी त्याच्या काठापर्यंत गेले तरी हे वर्तुळ नीट दिसत नाही. पाण्याचा रंग बदलला एवढेच कळते. विमानातून मात्र ते कोणी कंपासने काढल्यासारखे दिसते. उंचीमुळे सारा आवाका एका नजरेत येतो हे खरेच, पण तेवढेच कारण नाही.

शांत पाण्याकडे सरळ खाली पाहिले, तर पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डोळ्यांत शिरणारा आकाशाचा प्रकाश केवळ २ टक्के असतो. बाकी जे दिसते ते पाण्याच्या आतून आलेले असते. नजर तिरपी होऊ लागली की परावर्तन प्रथम हळूहळू आणि मग झपाट्याने वाढते. लंबाशी ८० अंशांचा कोन झाला की ते सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. होडीत बसलेल्या माणसाला थोड्या अंतरावरचे पाणी याच तिरप्या नजरेने पाहावे लागते, म्हणून त्याला समुद्र कमी आणि आकाश जास्त दिसते. गावातल्या तळ्याच्या काठावर उभे राहून आणि नंतर पुलावरून डोकावून विद्यार्थ्यांना हा फरक सहज पाहता येईल.

आता रंगांविषयी. समुद्र निळा दिसतो कारण आकाश त्यात प्रतिबिंबित होते, असे आपण पुष्कळदा वर्गात सांगून मोकळे होतो. प्रतिबिंबाचा वाटा असतो, पण तो वर सांगितल्याप्रमाणे कोनावर अवलंबून आहे. सरळ खाली पाहणाऱ्या वैमानिकाला दिसणारी निळाई पाण्याची स्वतःची असते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांच्या कंपनांमुळे पाणी लाल प्रकाश थोडा थोडा शोषून घेते. पेल्यातल्या पाण्यात हे जाणवत नाही. परंतु पाच मीटर पाण्यातून गेल्यावर गडद लाल प्रकाशाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा शिल्लक राहतो. याचा सुंदर पुरावा जड पाण्याने दिला आहे. हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्यूटेरियम घातला की कंपने मंदावतात, शोषण अवरक्त भागात सरकते, आणि जड पाणी निळसर न दिसता रंगहीन दिसते.

भित्तीच्या आतल्या खारकच्छात दोन-अडीच मीटरवर पांढरी वाळू असते. प्रकाश तिच्यापर्यंत जातो आणि परत येतो, म्हणजे पाच मीटरचा प्रवास होतो. त्यात तांबडा गळतो, हिरवा-निळा उरतो, आणि जाहिरातीतला तो पिरोजी रंग तयार होतो. विवराला मात्र प्रकाश परत पाठवणारा तळ जवळ नाही. तिथून फक्त पाण्याने विखुरलेला थोडासा निळा प्रकाश वर येतो. म्हणून पिरोजी पटावर गडद निळे वर्तुळ. आपल्या कोकण किनाऱ्याला पावसाळ्यात हे रंग का दिसत नाहीत, हा प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोपवावा. नद्यांनी आणलेला गाळ हे उत्तर ते लवकरच शोधतील.

समुद्रात बुडालेली गुहा

झाक-ईव्ह कुस्तो हा फ्रेंच सागरसंशोधक १९७१ साली आपले ‘कॅलिप्सो’ जहाज घेऊन या विवरात उतरला. तिथे सुमारे ४० मीटर खोलीवर त्याच्या सहकाऱ्यांना छताला लटकणारे प्रचंड अधोमुखी लवणस्तंभ आढळले. हे लवणस्तंभ म्हणजे विवराचा जन्मदाखलाच होय. चुनखडकातून झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने खाली पडताना त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर मागे राहतो. हे घडायला हवा लागते. पाण्याखाली लवणस्तंभ तयार होऊच शकत नाहीत. तेव्हा आज समुद्रात बुडालेली ही जागा कधीतरी कोरडी गुहा होती, असा सरळ निष्कर्ष निघतो.

तो बरोबर आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकलेला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. चुनखडकात पावसाच्या पाण्याने गुहा कोरल्या. पुढे छत कोसळले, बर्फ वितळले, समुद्र चढला आणि खड्डा भरला. विवराच्या निरनिराळ्या लवणस्तंभांची वये काढली असता सर्वांत जुना दीड लाख वर्षांहून अधिक, तर सर्वांत अलीकडचा सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे हे कोरडे होणे आणि बुडणे एकापेक्षा अधिक वेळा घडले आहे.

विवराच्या तळाची गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. सुमारे ९० मीटर खोलीवर हायड्रोजन सल्फाइडचा ढगाळ थर आहे आणि त्याखाली प्राणवायू नाही. त्यामुळे चिखल उकरणारे किडे नाहीत, खेकडे नाहीत. जे साचते ते जसेच्या तसे, वर्षावर वर्ष, राहते. एरवी बारीक गाळ बसतो, पण वादळ आले की लाटा काठावरची जाडीभरडी वाळू आत लोटतात आणि तिचा वेगळा थर पडतो. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी येथून ३० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गेल्या ५,७०० वर्षांतील साडेपाचशेहून अधिक वादळांची नोंद त्यात सापडली. दीर्घकालीन सरासरी शतकाला ४ ते १६ वादळांची होती. अलीकडच्या अवघ्या वीस वर्षांत ९ थर पडलेले आहेत.

नळी लांब का करत नाहीत?

आता विमानातून उतरून पाण्यात शिरू. मुखवटा का लागतो? डोळ्याची प्रकाश एकवटण्याची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती भिंगात नसून बाहेरच्या पारदर्शक पटलात असते, आणि ती हवा व पटल यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि पटलाचा सुमारे १.३८. फरक जवळजवळ संपतो आणि सारे धूसर दिसते. मुखवटा डोळ्यांपुढे हवेची एक पेटी ठेवतो. त्याची किंमत एवढीच, की काचेतून पाहताना वस्तू पाऊण अंतरावर आणि त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते. परत आलेल्या पर्यटकांनी सांगितलेल्या माशांच्या लांबीतून तेवढे वजा करावे.

नळीविषयी मुले हमखास विचारतात : दोन मीटरची नळी घेतली तर तळाशी बसून श्वास घेता येणार नाही का? येणार नाही. पहिले कारण दाबाचे. एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर पाण्याचा एक टन भार वाढतो. छातीचा पुढचा भाग एक-दशांश चौरस मीटर धरला तर त्यावर एक क्विंटलचे ओझे आले. फुप्फुसात हवा मात्र नळीवाटे पृष्ठभागावरच्याच दाबाची. निरोगी माणूस सारा जोर लावून सुमारे एक मीटर पाण्याच्या स्तंभाइतकेच शोषण निर्माण करू शकतो, तेही क्षणभर.

दुसरे कारण हिशेबाचे. शांतपणे घेतलेल्या एका श्वासात सुमारे ५०० घनसेंटिमीटर हवा असते. त्यातील सुमारे १५० श्वासनलिकेतच राहते. दोन सेंटिमीटर व्यासाच्या, ४० सेंटिमीटर लांब नळीत आणखी सव्वाशे मावते. नळी एक मीटरची केली तर ३१४ घनसेंटिमीटर. म्हणजे ५०० पैकी ४६४ घनसेंटिमीटर ही आधीच्या उच्छ्वासाचीच वापरलेली हवा! कार्बन डायऑक्साइड साचत जाऊन माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून विकत मिळणाऱ्या नळ्या जेमतेम हातभर असतात. वर्गात प्रयोग करायचा तर पाण्याने भरलेल्या पिंपात प्लॅस्टिकची नळी निरनिराळ्या खोलीवर धरून फुंकून बुडबुडे काढायला सांगावे. गालांना दाब कळतो. लांब नळीने पाण्याखाली श्वास घेण्याचा प्रयोग मात्र कोणालाही, कधीही करू देऊ नये.

ही अडचण कुस्तोनेच एमिल गान्यान या अभियंत्याच्या साथीने १९४३ मध्ये सोडवली. त्यांच्या झडपेतून पाणबुड्याला भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळते.

पांढरी वाळू, काळे काटे

नळी लावून तरंगणाऱ्याला खाली दिसतो तो दगड नव्हे, प्राण्यांची वसाहत. प्रवाळाच्या नाजूक शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून यजमानाला अन्न पुरवते आणि रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापून राहिले, तरी ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो.

पर्यटकाला आवडणारी पांढरी वाळूही येथलीच. पॅरट फिश नावाचा मासा चोचीसारख्या दातांनी शैवालासकट मेलेला प्रवाळ खरवडतो, त्याचे पीठ करतो आणि विष्ठेवाटे वाळू टाकतो. हे सांगितल्यावर वाळूत लोळण्याचा उत्साह कमी होतो, असा अनुभव आहे. पण हा मासा मोठ्या शैवालाला आवर घालतो, म्हणून बेलीझने २००९ मध्ये पॅरट फिशच्या मासेमारीवर बंदी घातली. तेच काम करणारा दुसरा प्राणी म्हणजे लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन. १९८३ मध्ये पनामाजवळ तो अज्ञात रोगाने मरू लागला आणि वर्षभरात साऱ्या कॅरिबियन समुद्रात शंभरातले नव्वदहून अधिक संपले. शैवाल माजले आणि प्रवाळाच्या पिलांना बसायला जागा उरली नाही. २०२२ मध्ये पुन्हा साथ आली. या वेळी मात्र कारण २०२३ मध्ये सापडले : एक केसलवाला एकपेशीय जीव.

१९९६ साली जागतिक वारसा ठरलेली बेलीझची भित्ती २००९ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली. खारफुटीची तोड आणि समुद्रातील तेलशोधाची शक्यता ही मुख्य कारणे. २०१७ च्या अखेरीस तेथील सरकारने समुद्रातील तेलशोध कायद्याने थांबवला, आणि २०१८ मध्ये नाव यादीतून निघाले. स्थानिक धोका असा कायद्याने अडवता येतो. तापमानाचे तसे नाही. पर्यटकांना भित्ती दाखवणाऱ्या विमानाच्या धुराचाही त्यात कणभर वाटा आहेच.

बेलीझच्या दक्षिणेकडील लाफिंग बर्ड की या लहानशा बेटाभोवती २००६ पासून तुटलेल्या शाखायुक्त प्रवाळाचे तुकडे तळाला सिमेंटने चिकटवून पुन्हा वाढवले जात आहेत. हे प्रवाळ वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढू शकतात, त्यामुळे उजाड जागी काही वर्षांत दाट रान उभे राहिले. नंतर २०२३ ची उष्णतेची लाट आली. त्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांजवळ याच जातींच्या जवळजवळ सर्व वसाहती मेल्या. बेलीझमध्येही मोठी हानी झाली. आता कोणते तुकडे त्या उन्हात तग धरून राहिले ते शोधून, त्यांचीच रोपे पुढे लावता येतील का, यावर काम चालले आहे.