कारखाना जातो, जमीन राहते

'डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवा' ही मागणी आपल्याला नवी नाही. २०१६ मध्ये प्रोबेस आणि २०२४ मध्ये अमुदान कंपनीत स्फोट झाल्यावर ती आणखी जोर धरू लागली. मलाही ती पटते. पण कारखाना गेल्यावर त्याच्याखालच्या जमिनीचं काय?

अमेरिकेतल्या मोआब गावाला हाच प्रश्न पडला होता. तिथे कोलोरॅडो नदीकाठी १९५६ मध्ये युरेनियमची मिल सुरू झाली. खनिज दळायचं आणि रसायनांनी त्यातलं युरेनियम काढून घ्यायचं, हे तिचं काम. पण खनिजात युरेनियम अगदीच थोडं असतं. बाकी जवळजवळ सगळा चोथा! रेडियम त्या चोथ्यातच राहतं, आणि ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. १९८४ मध्ये मिल बंद पडली, १९९८ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. मागे उरला सुमारे १ कोटी ६० लाख टनांचा ढीग. त्याच्या तळाला अस्तर नव्हतं, त्यामुळे अमोनिया आणि युरेनियम भूजलातून नदीकडे झिरपत राहिलं.

मग सरकारने नदीकाठी विहिरी खणून दूषित पाणी उपसलं. २००९ पासून तो चोथा रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर दूर नेऊन, पाणी सहसा झिरपू न देणाऱ्या खडकात खड्डा करून पुरायला सुरुवात झाली. म्हणजे विष नाहीसं झालं नाही, फक्त नदीपासून लांब गेलं. त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार.

डोंबिवलीत युरेनियम नाही, हे खरं. पण केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या यादीत ७८.४१ गुण मिळवून आपण 'अतिप्रदूषित' ठरलो होतो, आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता चक्क गुलाबी झाला होता. जमिनीत काय मुरलंय, हे बोअर घेऊन माती आणि पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. उपायही त्यावरच ठरतो. काही सॉल्व्हंट जिवाणू खाऊन टाकतात. शिसं, क्रोमियमसारखे धातू मात्र कुजत नाहीत. ती माती उचलावी लागते किंवा सिमेंटमध्ये बांधून टाकावी लागते.

जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे नियम आले. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च द्यावा, हे त्यांचं सूत्र. पण मोआबमध्ये पैसे मागायला कंपनीच उरली नव्हती. म्हणून मला वाटतं, आधी जमीन तपासा, सफाईचे पैसे ठेवून घ्या, मगच कारखान्याला निरोप द्या. एकदा गेटला कुलूप लागलं की बिल आपल्याच नावावर!