रंग रत्नाचा, सचोटी जव्हेऱ्याची

माणिक, नीलम आणि पुष्कराज ही रत्ने बाजारात वेगवेगळ्या भावाने विकली जात असली, तरी त्यांचे मूळ द्रव्य एकच आहे: कुरुंद, म्हणजेच ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्याला रंग येतो तो त्यात शिरलेल्या अंशमात्र परक्या धातूंमुळे. द्रव्य एक, पर्याय अनेक, याचे इतके देखणे उदाहरण क्वचितच सापडेल.

१९०२ साली ओग्युस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. अमोनियम तुरटीत किंचित क्रोमियमचा क्षार मिसळून ती भाजायची आणि मिळालेली अतिसूक्ष्म भुकटी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. सुमारे २०५० अंश सेल्सिअसला ती वितळते व थराथराने माणकाचा स्फटिक वाढतो. क्रोमियमवर ॲल्युमिनियमप्रमाणेच तीन धनभार असतात. म्हणून तो त्याच्या जागी सहज सामावतो.

निळा रंग मात्र एका धातूने साधत नाही. त्यासाठी दोन धनभारांचे लोह आणि चार धनभारांचे टायटॅनियम शेजारी यावे लागते. दोघांचे मिळून सहा भार होतात, म्हणजे दोन ॲल्युमिनियमइतकेच. प्रकाश पडताच लोहाकडील इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे झेपावतो, पिवळा-तांबडा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला निळाई दिसते.

हाच खडा ऑक्सिजनयुक्त भट्टीत तापवला, तर लोहावरील भार तीन होतो, जोडी मोडते आणि निळाई फिकटते. हायड्रोजनच्या वातावरणात याच्या उलट घडते. श्रीलंकेतील ‘गेउडा’ नावाचे दुधाळ खडे अशाच रीतीने तापवून निळे केले जातात. बाहेरून एक कणही घातलेला नसतो.

२००१-०२च्या सुमारास याहून गुंतागुंतीचा प्रकार उघडकीस आला. थायलंडमधील भट्ट्यांत खड्यांमध्ये बेरिलियम मुरवले जात होते. त्याचे धनभार दोनच. तीन भारांच्या जागी ते बसले की उणीव निर्माण होते. ऑक्सिजनयुक्त भट्टीत ती उणीव भरून काढताना स्फटिकात जो दोष उरतो, त्यातूनच पिवळा-केशरी रंग उमटतो. बेरिलियमचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की, ते भिंगाला दिसत नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळेतील महागड्या यंत्रांकडे जावे लागते.

जे ग्राहकाच्या डोळ्यांना दिसत नाही, ते सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. जवाहिराचा व्यवसाय आपल्या समाजातील अनेक घराण्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळला आहे, म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या मापाच्या जोडीला ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे: अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे. खडा तापवणे हा अतिचार नव्हे, प्रयोगशाळेत घडवणेही नव्हे. ते लपवून नैसर्गिकाचा भाव घेणे हा अतिचार आहे.

यास्तव बिलावर ‘नैसर्गिक’, ‘उष्णोपचारित’, ‘बेरिलियम-उपचारित’ किंवा ‘प्रयोगशाळानिर्मित’ असे स्पष्ट लिहावे आणि ग्राहकानेही ते निःसंकोच मागून घ्यावे. भट्टीतील हवा बदलली की रत्नाचा रंग पालटतो; बाजारातील हवा कितीही बदलली, तरी श्रावकाचा शब्द पालटू नये.