प्रणयकथेची उगमस्थाने – लेखांक ६ : झुल्यावरचा शृंगार

आगगाडीच्या प्रवासात जुळलेल्या प्रेमकथांचा परामर्श गेल्या लेखांकी घेतल्यावर या आठवड्यात सर्कशीच्या तंबूकडे वळणे ओघानेच येते. कारण आज येथे तर उद्या पुढल्या गावी असा मुक्काम हलविण्याचा शिरस्ता दोहोंकडे सारखाच, आणि जे माणूस उद्या दिसणार नाही त्याच्याविषयी वाटणारी ओढ कादंबरीकारांना नेहमीच सोयीची वाटत आलेली आहे. परंतु सर्कशीच्या मोहिनीचा उलगडा एवढ्यानेच होत असता, तर जत्रेतल्या पाळणेवाल्यावरही तितक्याच कादंबऱ्या लिहिल्या गेल्या असत्या. मानवी देहाकडे डोळे भरून पाहण्याची जी मुभा सभ्य समाज एरवी कोणास देत नाही, ती तो रिंगणात बिनदिक्कत देतो, आणि त्या देहाने पत्करलेल्या धोक्याच्या रूपाने तिची किंमत वसूल करून घेतो, यातच या आकर्षणाचे मर्म आहे असे मला वाटते.

फिलिप ॲस्टली या इंग्रज घोडेस्वाराने १७६८ साली लंडनमध्ये वर्तुळाकार रिंगणात खेळ मांडले, आणि पुढे त्या रिंगणाचा व्यास ४२ फूट हा जो रूढ झाला, तो दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहणाऱ्यास तोल सावरण्यापुरते वळण मिळावे म्हणून. निव्वळ घोड्याच्या सोयीने आखलेल्या या वर्तुळाने एक अनपेक्षित गोष्ट साधली. रंगभूमीवरील नट प्रेक्षकांना एकच बाजू दाखवितो आणि उरलेली पडद्याच्या हवाली करतो. रिंगणात उतरलेल्या माणसाला मात्र पाठ अशी नसतेच. ज्या काळात बैठकीच्या दिवाणखान्यात स्त्रीचा घोटा दिसणे हाही अमर्याद प्रकार समजला जाई, त्या काळात तोकड्या झग्यातील तरुणी तारेवर चालताना पाहण्यास प्रतिष्ठित गृहस्थ सहकुटुंब येत, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे, कारण तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

या दृश्यात झुल्याची भर पडली ती पॅरिस शहरी. तूलूझच्या झ्यूल लेओतार नामक तरुणाने, वडिलांच्या व्यायामशाळेतील तलावावर पुष्कळ सराव करून झाल्यावर, १२ नोव्हेंबर १८५९ रोजी सिर्क नापोलियाँ या वास्तूत एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेऊन दाखविली. अंगाबरोबर बसणारा जो विणलेला पोशाख तो घाली, तो आजही त्याच्याच नावाने विकला जातो. पुढे झेप घेणारा आणि झेलणारा अशी जोडी झाली, आणि प्रणयकथेला हवे असलेले सर्व काही अंतराळात एकत्र आले. पहिला झुला सुटलेला आहे, समोरचे हात अद्याप मनगटापर्यंत पोहोचलेले नाहीत, आणि त्या निमिषात झेलणाऱ्याच्या मनात काय आहे यावर एकाचे प्राण अवलंबून आहेत! याहून नेमका प्रणयप्रसंग कोणत्या लेखकास स्वतःच्या बुद्धीने रचता आला असता, मला ठाऊक नाही.

मात्र सर्कशीवर भाळणारा बहुधा तंबूबाहेरचा असतो, आणि तेथेच अनर्थाची सुरुवात होते. एल्विरा मॅडिगन या नावाने तारेवर नाचणारी तरुणी आणि स्वीडिश घोडदळातील लेफ्टनंट सिक्स्टन स्पार यांची हकीकत हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्पार विवाहित, दोन मुलांचा बाप, शिवाय कर्जबाजारी. त्याने फौजेतून पळ काढला, तिने सर्कस सोडली, आणि १८८९ च्या जुलै महिन्यात, जवळचा पैसा संपल्यावर, डेन्मार्कमधील तोसिंगे बेटावरील रानात त्याने आधी तिला व नंतर स्वतःला गोळी घातली. ती एकवीस वर्षांची होती. या दोघांवर गीते झाली, चित्रपट झाले, त्यांच्या थडग्यांवर आजही लोक फुले वाहतात. पण माझे मन या भाविकतेत सामील होत नाही. तिचा जो तोल पाहून तो मोहित झाला, तो तिच्या रोजच्या मेहनतीचा होता, आणि ती मेहनत ज्या तारेवर चाले तिच्यावरूनच त्याने तिला खाली उतरविले.

पुढल्याच वर्षी, १८९० साली, हर्मन बंग या डॅनिश लेखकाने ‘चार सैतान’ ही दीर्घकथा प्रसिद्ध केली, आणि सर्कशीच्या शृंगाराचे इतके निर्दय आकलन मी अन्यत्र वाचलेले नाही. झुल्यावर काम करणाऱ्या चौघांपैकी फ्रिट्झ एका उमराव स्त्रीच्या नादी लागतो. लहानपणापासून त्याच्याबरोबर वाढलेली एमे हे पाहत राहते. आणि अखेर तिच्याच हातून झुला ढिला होऊन तो कोसळतो व त्याच्यामागोमाग तीही. बंगने येथे एक सूक्ष्म गोष्ट हेरली आहे. अन्य व्यवसायातील माणूस रात्रीचे प्रकरण दिवसा लपवू शकतो. झुल्यावरच्या माणसाचे दंडच दुसऱ्या दिवशी साक्ष देतात. प्रेम आणि कसरत एकाच स्नायूंच्या बळावर चालतात, आणि त्यांचा जमाखर्च एकाच वहीत मांडावा लागतो.

वास्तवही काही सौम्य नव्हते. रिंगलिंग सर्कशीची तारका लिलियन लाइट्झेल दोराच्या फासात एक मनगट अडकवून उंचावर आपला सारा देह खांद्यावरून भिरकावीत फिरवी. प्रत्येक फेऱ्यास तिचा खांदा क्षणभर सांध्यातून निखळे व पुन्हा बसे, आणि खाली प्रेक्षक फेरे मोठ्याने मोजीत. त्या मनगटावर दोराने पडलेली जखम भरून येण्यास अवसरच मिळत नसे. अंतराळातील तिहेरी कोलांटीसाठी विख्यात असलेल्या आल्फ्रेडो कोदोना याच्याशी १९२८ साली तिचा विवाह झाला. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी कोपनहेगन येथे तिच्या कसरतीच्या साधनाचे धातूचे कडे तुटले, आणि दोन दिवसांनी ती मृत्यू पावली. पुढे कोदोनाचा खांदा दुखावून झेप कायमची बंद झाली, आणि १९३७ साली त्याने वेगळ्या झालेल्या तिसऱ्या पत्नीवर गोळ्या झाडून स्वतःचाही अंत करून घेतला. चकचकीत टिकल्यांच्या झग्यांवर पाने भरणाऱ्या कादंबरीकारांनी त्या मनगटाचे एखादे पान लिहिले असते, तर त्यांच्या नायिका वाचकांच्या लक्षात राहिल्या असत्या.

बंगच्या कथेवर मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने १९२८ साली अमेरिकेत काढलेला मूकपट काळाच्या ओघात नाहीसा झाला असून त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कथा मात्र उपलब्ध आहे, आणि ती एका बैठकीत वाचून होते. पुढील लेखांकात बंदरावरील खानावळीकडे वळण्यापूर्वी वाचकांनी ती मिळवून अवश्य वाचावी.