यकृताचा कर्करोग व पचनमार्गातील रक्तस्राव : कारणे, लक्षणे व प्रतिबंध

प्रस्तावना :
यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णास रक्ताची उलटी झाली की, 'गाठ फुटली, आता उपाय नाही' असा समज करून घेतला जातो. वस्तुतः बहुतांश वेळा रक्त गाठीतून नव्हे, तर फुगलेल्या शिरांतून येते. वेळेत उपचार झाल्यास ते थांबविता येते.

कारणे :
यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते. सिरॉसिसमुळे यकृत कडक झाले किंवा कर्करोग या शिरेत शिरला, की मागे रक्ताचा दाब वाढतो. परिणामी अन्ननलिका व जठरातील शिरा फुगून फुटतात. रक्त गोठविणारे घटक यकृतातच तयार होत असल्याने रक्तस्राव लवकर थांबत नाही. कर्करोग थेट जठरात वा आतड्यात पसरून होणारा रक्तस्राव मात्र विरळ असून तो थांबविणे अधिक कठीण असते.

लक्षणे व उपचार :
लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखे काळे चिकट शौच, भोवळ व थंड घाम ही प्रमुख लक्षणे होत. अशा वेळी रुग्णास कुशीवर झोपवावे, तोंडाने काही देऊ नये व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात औषधे व रक्त देऊन एंडोस्कोपीद्वारे फुटलेल्या शिरेला रबरी कडे बसविले जाते. थेट प्रसार असल्यास गाठीची रक्तवाहिनी बंद करणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे पर्याय उरतात.

सीमाभागातील स्थिती :
बिदर जिल्ह्यातील मेहकरसारख्या गावातून रुग्णास भालकी, तेथून बिदर व कर्करोगाच्या उपचारासाठी कलबुर्गीस न्यावे लागते. म्हणून काळ्या शौचाचा अर्थ घरच्यांना आपल्या मराठीत आधीच ठाऊक असणे गरजेचे आहे.

प्रतिबंध :
या कर्करोगाचे एक प्रमुख कारण हिपॅटायटिस बी हा विषाणू होय. त्याच्या शोधाबद्दल बारूख ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात ही लस २०११ पासून देशभर बालकांना दिली जाऊ लागली. जन्मानंतर २४ तासांत पहिली मात्रा आवश्यक असते. आज महाविद्यालयात असलेले बहुतेक विद्यार्थी २०११ पूर्वी जन्मलेले आहेत. बुरशी लागलेले शेंगदाणे व मका, तसेच मद्यपान हीदेखील टाळता येण्याजोगी कारणे आहेत.

निष्कर्ष :
शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एकच प्रश्न विचारावा : हिपॅटायटिस बी ची तपासणी व लस झाली आहे काय? उत्तर नकारार्थी असल्यास त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवावे.